वाढलेल्या किमतीचा धनी कोण?

शहराच्या वेशीबाहेर एखादे रान असते. त्याचा धनी वर्षानुवर्षे त्यात ज्वारी-हरभरा घेतो; पाऊस बरा झाला तर खातो, नाही तर कर्ज काढतो. एके दिवशी जवळून नवा रस्ता निघतो, पाण्याचा नळ येतो, कोणी कारखाना घालतो, आणि त्या रानाचा भाव एकरावरून गुंठ्यावर येतो. धन्याने जादा नांगरट केलेली नसते, विहीर खोदलेली नसते. किंबहुना तो त्या काळात अंथरुणास खिळून असला तरी भाव चढावयाचा राहत नाही. हे दृश्य पुण्या-नाशकाकडील वाचकांस नवे नाही. अशा व्यवहारांच्या गोष्टी त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी पानावर बसल्या बसल्या निघत असतील. भाव किती आला हे त्या गोष्टींत सर्व जण सांगतात. तो कोणी आणला आणि ज्याने आणला त्याच्या पदरात त्यातले काय पडले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

एका मोठ्या राष्ट्राने हा प्रश्न एकदा उघडपणे विचारला, त्याचे उत्तर कायद्यात लिहून ठेवले, आणि सहा वर्षे पुरी होण्याच्या आत ते उत्तर आपल्याच हाताने खोडले. ते राष्ट्र म्हणजे इंग्लंड. ज्या कायद्यात ते उत्तर होते त्या नगर व ग्राम नियोजनाच्या कायद्यास 6 ऑगस्ट 1947 रोजी राजाची संमती मिळाली. त्यानंतर नऊच दिवसांनी आपल्या देशावरील त्या राजाचे राज्य संपले. तेव्हा त्या आठवड्यात इकडील कोणाचे लक्ष त्या कायद्याकडे गेले नसल्यास नवल नाही. तथापि सगळ्या राष्ट्राच्या भूमीचा विनियोग कसा व्हावा हे ठरविण्याचा इतका धीट प्रयत्न लोकसत्ताक राज्यात क्वचितच झाला असेल, आणि तो कोठे अडखळला हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इंग्रज मनुष्य मालमत्तेच्या बाबतीत मोठा सनातनी. त्याच्यावर असा कायदा करण्याची पाळी का यावी? पहिल्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत इंग्लंड व वेल्स मिळून सुमारे 40 लाख घरे बांधली गेली. ती गावांच्या पोटात न शिरता रस्त्यांच्या कडेने पसरत गेली. मोटार आली, विजेच्या गाड्या आल्या, आणि लंडनपासून निघणाऱ्या प्रत्येक हमरस्त्याच्या दोन्ही अंगांनी घरांची एकेक ओळ मैलोगणती लांबली. मागे शेत, पुढे मोटारींची वर्दळ आणि मध्ये घर, असा तो प्रकार होता. हे थांबविण्यासाठी 1935 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याच काळात उत्तरेकडील कोळशाच्या व जहाजबांधणीच्या मुलखात लोक बेकार बसले होते आणि नवे कारखाने दक्षिणेत लंडनभोवती निघत होते. एकीकडे ओस पडणारी गावे आणि दुसरीकडे श्वास कोंडणारे शहर, अशी देशाची स्थिती झाली.

यावर उपाय करण्याचा अधिकार कागदावर होता. 1909 साली नगरनियोजनाचा पहिला कायदा झाला होता आणि 1932 साली तो वाढविण्यात आला होता. परंतु त्यात एक मेख होती. एखाद्या मालकास घर बांधण्यास मनाई करावयाची तर त्याच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई स्थानिक मंडळाने द्यावी, असा नियम होता. उलट मंडळाच्या योजनेमुळे ज्याची जमीन महाग होई त्याच्याकडून वाढीचा हिस्सा घेण्याची तरतूदही होती. 1909 च्या कायद्यात तो निम्मा होता, 1932 च्या कायद्यात शेकडा 75. मनाई झाली की मालक हिशेब घेऊन दारात उभा राही. वाढीचा हिस्सा मागावयास जावे तर ती वाढ योजनेमुळेच झाली हे सिद्ध करता करता मंडळाच्या नाकी नऊ येत. देणे निश्चित आणि येणे अनिश्चित, अशा व्यवहारात कोणते मंडळ पडेल? मंडळांनी मनाई करण्याचेच सोडून दिले. नकाशे रंगविले गेले खरे, पण त्यांत घरांसाठी राखलेली जमीन इतकी विपुल होती की त्या नकाशांनी कोणाचाच हात धरला नाही.

जमिनीची न कमावलेली वाढ राष्ट्राची आहे, हा विचार मात्र तेथे जुना होता. जॉन स्टुअर्ट मिलने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हिरिरीने मांडला. हा मिल तरुणपणापासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत नोकरीस होता. त्याचा बाप जेम्स मिल हाही त्याच कचेरीतला, आणि हिंदुस्थानातील जमीनमहसूल खंडाच्या सिद्धांतावर बसवावा असे मानणारा. त्या सिद्धांताचा पहिला शास्त्रशुद्ध प्रयोग झाला तो आमच्या पुणे जिल्ह्यात, ही गोष्ट इंग्लंडचा इतिहास वाचताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने 1827 पासून शेतांची मोजणी केली, लागवडीचा खर्च वजा घालून निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याचा शेकडा 55 हिस्सा सरकारचा ठरविला. कागदावर हिशेब निर्दोष होता. इंदापुराकडे त्याचा परिणाम असा झाला की शेते पडीक पडली आणि रयत गावे सोडून चालती झाली. 1835 नंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी मोजणी केली. त्यांनी सिद्धांत गुंडाळून ठेवला, दर उतरविले आणि तीस वर्षे दर वाढविणार नाही असा शब्द दिला. तेव्हा कोठे शेते पुन्हा उजू लागली. इंग्लंडच्या कायद्याची कथा पुढे वाचताना वाचकांनी हे इंदापूर मनाच्या एका कोपऱ्यात असू द्यावे.

मिलचा विचार 1909 साली लॉइड जॉर्जने अंदाजपत्रकात आणला. जमिनीच्या वाढीव किमतीवर त्याने शेकडा 20 कर बसविला आणि त्यासाठी सगळ्या देशातील जमिनीची मोजदाद आरंभिली. त्यावरून उमरावांच्या सभेशी जे रण माजले ते प्रसिद्धच आहे. पण रण जिंकूनही हाती काही लागले नाही. मोजदादीचा खर्च कराच्या उत्पन्नाहून मोठा झाला आणि 1920 साली कर रद्द करून जमा झालेली रक्कमही परत देण्यात आली.

तेव्हा 1937 साली सर माँटेग्यू बार्लो यांच्या अध्यक्षतेखाली राजमंडळ नेमले गेले, त्यावेळी हा विषय हरलेल्यांच्या खात्यात जमा होता. औद्योगिक लोकवस्ती देशात कशी वाटली गेली आहे, एवढेच त्या मंडळाने पाहावयाचे होते. त्याचा अहवाल जानेवारी 1940 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे युद्ध सुरू होऊन गेल्यावर. मंडळाने सांगितले की हा वाटप आपोआप सुधारणार नाही. राष्ट्रासाठी एक मध्यवर्ती नियोजनसत्ता पाहिजे. एरवी अशा अहवालांची गती कपाटापर्यंत असते. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून लंडनवर बॉम्ब पडू लागले, आणि ज्या गोष्टी काल अशक्य वाटत होत्या त्यांची चर्चा लोक तळघरात बसून करू लागले. शहरे पुन्हा बांधावी लागणार हे डोळ्यांपुढे दिसत होते. उद्ध्वस्त जागांवर सट्टा खेळणारे लोक आजच खरेदीस निघतील, ही धास्तीही होती. बांधकामखात्याचे मंत्री लॉर्ड रीथ यांनी जानेवारी 1941 मध्ये न्यायमूर्ती अथवॅट यांची समिती बसविली. भरपाई आणि वाढ यांचा गुंता सोडविणे हे तिचे काम. खेड्यापाड्यांच्या जमिनीकडे पाहण्यासाठी लॉर्ड जस्टिस स्कॉट यांची दुसरी समिती नेमली. तिचे उपाध्यक्ष डडली स्टँप हे भूगोलज्ञ होते. त्यांनी मागील दशकात शाळाशाळांतील मुलांच्या हाती नकाशे देऊन साऱ्या ब्रिटनमधील जमिनीच्या वापराची पाहणी करविली होती. कोठे गहू, कोठे कुरण, कोठे बाग, हे त्या मुलांनी चालत जाऊन रंगविले. युद्धात अन्न पिकविण्याची पाळी आली तेव्हा ते नकाशे सरकारला सोन्याच्या मोलाचे झाले.

अथवॅट समितीचा 1942 चा अहवाल आम्हांस या सगळ्या प्रकरणातील सर्वांत बुद्धिमान कागद वाटतो. मालकांच्या भरपाईची रक्कम इतकी प्रचंड का होते, याचे मर्म तिने उलगडून दाखविले. समजा, एका शहराभोवती दहा शेते आहेत आणि येत्या दहा वर्षांत त्यांपैकी एकावरच वस्ती होणार आहे. कोणत्या शेतावर ते कोणास ठाऊक नाही. मग प्रत्येक धनी आपल्याच शेतावर ती होईल या आशेने किंमत लावतो. ही आशा एका ढगासारखी दहाही शेतांवर तरंगत असते आणि पडणार असते एकावर. दहा जणांस वेगवेगळी भरपाई देऊ गेल्यास एका पावसाचे दाम दहा वेळा मोजावे लागते. यावर समितीचा उपाय असा होता : वस्तीबाहेरील सर्व जमिनींवरील बांधकामाचा हक्क सरकारने एकदाच, एकगठ्ठा, वाजवी रकमेस विकत घ्यावा. जमीन धन्याचीच राहील, तो तिच्यात पेरील, विकील, मुलास देईल. फक्त तिच्यावर इमारत उठविण्याचा हक्क राष्ट्राचा. आणि शहरातील ज्या जागांवर आधीच वस्ती आहे त्यांच्या वाढत्या किमतीवर दर पाच वर्षांनी आकारणी करून वाढीचा शेकडा 75 हिस्सा घ्यावा. ठरलेली मुदत, ठरलेला हिस्सा आणि उरलेले धन्याचे, हा प्रकार आमच्याकडील मुदतबंद आकारणीच्या जातीचा आहे, हे चटकन ध्यानात येते. जमीन केव्हा विकावी हे त्यात धन्याच्या मर्जीवर होते, पण न विकून त्याची सुटका नव्हती.

युद्धकाळातील संयुक्त सरकारने 1944 साली जी श्वेतपत्रिका काढली तीत पाच वर्षांची आकारणी गळाली आणि तिच्या जागी बांधकामाची परवानगी देतेवेळी वाढीचा शेकडा 80 हिस्सा एकदम घेण्याची सूचना आली. पुढील वर्षी मजूरपक्ष निवडून आला आणि नियोजनखाते लुइस सिल्किन यांच्याकडे गेले. सिल्किन हे लंडनच्या पूर्वभागातील गरीब वस्तीतून वर आलेले वकील, निश्चयी आणि काहीसे हट्टी. लंडनच्या उत्तरेस स्टीव्हनेज या जुन्या गावी पहिले नवे नगर वसविण्याचे त्यांनी ठरविले. 1946 च्या मे महिन्यात ते गावकऱ्यांस समजावण्यास स्वतः गेले, तेव्हा त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा काढून घेण्यात आली. पुढे कोणी रात्रीतून रेल्वेस्टेशनवरील गावाच्या नावाची पाटी बदलून 'सिल्किनग्राड' अशी लावली. विनोद झोंबणारा होता. पण हसणाऱ्यांच्या मनात धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. ज्यांच्या घरांवरून, मळ्यांवरून नव्या नगराची रेषा गेली होती त्यांना राष्ट्राच्या भवितव्याचे चित्र दाखवून समाधान कसे मिळावे?

1947 च्या कायद्याने तीन गोष्टी केल्या. नियोजनाचे काम पूर्वी 1,441 लहानमोठ्या मंडळांत विखुरले होते, ते 145 मोठ्या मंडळांकडे आणले आणि प्रत्येकाने आपल्या मुलखाची योजना करून दर पाच वर्षांनी ती तपासावी असे ठरविले. दुसरे, कोणत्याही जमिनीचा वापर बदलण्यास परवाना आवश्यक केला, आणि तो नाकारल्यास सामान्यतः भरपाई नाही, असे सांगितले. तिसरी गोष्ट पैशाची. बांधकामाचा हक्क राष्ट्राकडे गेला; ज्यांची आशा त्यामुळे बुडाली त्यांच्यासाठी 30 कोटी पौंडांचा निधी ठेवला; आणि यापुढे परवाना मिळून जमिनीची जी किंमत वाढेल ती विकास-आकार म्हणून सरकारजमा करावयाची. किती? कायद्याने प्रमाण नियमांवर सोपविले होते. नियमांनी ते शेकडा 100 ठरविले. 1 जुलै 1948 पासून हा अंमल सुरू झाला.

येथे आम्हांस इंदापूर आठवते. तर्काच्या दृष्टीने शंभरच बरोबर होते. हक्क जर राष्ट्राचा, तर त्याची किंमत पै-पैसह राष्ट्राची; धन्याने त्यातला विसावा भाग तरी कोणत्या नात्याने घ्यावा? परंतु शेत विकून ज्याला शेताचाच भाव मिळणार, तो ते विकीलच कशास? तो स्वस्थ बसला. ज्याला घर बांधावयाचे होते त्याने नाइलाजाने धन्यास बाजारभाव दिला, आणि नंतर सरकारकडे जाऊन तीच वाढ विकास-आकार म्हणून पुन्हा भरली. कर धन्यावर बसवावयाचा होता, तो घर बांधणाऱ्याच्या माथी आला. जमिनी अडवून धरणाऱ्यांकडून त्या सक्तीने घेण्याचा अधिकार मध्यवर्ती भूमिमंडळास होता, आणि त्याने तो काही ठिकाणी वापरलाही. एक खटला उमरावांच्या सभेपर्यंत जाऊन मंडळाच्या बाजूने निकालात निघाला. पण देशभर हजारो तुकडे असे घेत बसणे कोणत्याही मंडळाच्या आवाक्यातले नव्हते. शिवाय भरपाईसाठी अर्ज आले लाखांनी, आणि सामान्य माणसाने ते समजून वेळेत भरावे इतका तो कायदा सोपा नव्हता. या शेवटच्या गोष्टीने पुढे एका घराचा घात केला.

आणखी एक विचार करण्यासारखा आहे. अंमल सुरू झाला तेव्हा सिमेंट-लाकडावर नियंत्रण होते, घर बांधण्यास वेगळा परवाना लागे, आणि बहुतेक घरे सरकारी मंडळेच बांधीत होती. जे थोडे खाजगी बांधणारे होते त्यांनाच हा आकार जाणवे, आणि नेमकी तीच माणसे हिशेबी व बोलकी होती. कायद्याचे हित ज्यांचे होते त्यांपैकी पुष्कळ जण अजून लहान मुले होती.

1951 साली हुजूरपक्ष सत्तेवर आला. वर्षास 3 लाख घरे बांधू, हे त्याचे वचन होते आणि ते पुरे करण्याचे काम हॅरल्ड मॅकमिलन यांच्याकडे आले. मॅकमिलन यांस विकास-आकार हा वाटेतील धोंडा वाटला. नोव्हेंबर 1952 मध्ये त्यांनी तो काढण्याचे जाहीर केले आणि 1953 च्या कायद्याने तो गेला. 3 लाख घरांचे वचनही त्याच वर्षी पुरे झाले. येथपर्यंत कोणी तक्रार करण्याचे कारण नव्हते. पण कायदा हा विणलेल्या वस्त्रासारखा असतो. एक धागा ओढला की दुसरीकडे भोक पडते. आकार गेला, म्हणजे खाजगी खरेदीत धन्यास पुन्हा पुरा बाजारभाव मिळू लागला. परंतु सरकार किंवा मंडळ सक्तीने जमीन घेई तेव्हा 1954 च्या कायद्यानेही जुनाच हिशेब चालू राहिला : चालू वापराची किंमत, आणि त्यावर पूर्वी मंजूर झालेली भरपाई असल्यास ती. त्यामुळे एकाच बांधाच्या दोन बाजूंस दोन भाव झाले. शेजाऱ्यास विकले तर एक, मंडळाने घेतले तर दुसरा.

लंडनच्या पूर्वेस रोमफर्ड म्हणून गाव आहे. तेथील एका साध्या गृहस्थाने 1950 साली आपल्या घराशेजारचा जमिनीचा एक तुकडा कर्ज काढून 400 पौंडांस घेतला. त्या तुकड्यावर भरपाईचा अर्ज पूर्वी कोणी केलेला नव्हता, आणि अर्ज करावयाचा असतो हे या गृहस्थास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढे स्थानिक मंडळाने घरांसाठी तो तुकडा सक्तीने घेतला आणि कायद्याप्रमाणे त्याचे 65 पौंड देऊ केले. अंमलदारांनी काही बेकायदा केले नाही. कायद्याचा हिशेब तोच होता. डोक्यावर कर्ज, हातची जमीन गेलेली आणि मोबदला सहावा हिस्सासुद्धा नाही. 1954 च्या सप्टेंबरमध्ये त्या गृहस्थाने आत्महत्या केली. वर्तमानपत्रांनी ती गोष्ट देशभर नेली आणि पार्लमेंटात तिच्यावरून प्रश्न निघाले. सरकारपुढे दोन मार्ग होते : दोन्ही भाव खालच्या पातळीवर आणावे, की दोन्ही वरच्या? पाच वर्षे कशीबशी काढून 1959 च्या कायद्याने दुसरा मार्ग पत्करला गेला. यापुढे सरकारलाही बाजारभाव द्यावा लागेल, आणि त्या भावात परवाना मिळण्याची आशाही धरली जाईल, असे ठरले. एका माणसावर झालेला अन्याय दूर करताना त्या ढगातील सगळा पाऊस धन्यांस देण्यात आला. त्या मृत माणसाच्या विधवेसमोर याहून वेगळे काय बोलता आले असते, हे आम्हांसही सांगता येत नाही. मात्र तो अन्याय 1947 च्या कायद्याने केला की तो अर्धवट फाडणाऱ्या 1953 व 1954 च्या कायद्यांनी, याचा विचार त्या गदारोळात फारसा कोणी केला नाही, असे आमचे मत आहे.

पुढील कथा पुनरावृत्तीची आहे. मजूरपक्षाने 1967 साली भूमिआयोग काढून वाढीवर शेकडा 40 कर बसविला. हुजूरपक्षाने 1971 साली आयोग मोडला. मजूरपक्षाने 1975 साली सामुदायिक भूमीचा कायदा आणि पुढच्या वर्षी शेकडा 80 पर्यंतचा विकासभूमी कर आणला. हुजूरपक्षाने पहिला 1980 साली व दुसरा 1985 साली काढला. दर वेळी धनी लोकांनी तोच डाव खेळला : जमीन धरून ठेवा, सरकार बदलेल. आणि सरकार बदललेच. लॉइड जॉर्जपासून मोजल्यास हा खेळ पाऊणशे वर्षे चालला.

पण कायद्याच्या पहिल्या दोन गोष्टी टिकल्या. परवान्याचा अधिकार कोणीही मोडला नाही. आजही इंग्लंडात स्वतःच्या जमिनीवर घर बांधण्याचा हक्क मालकास आपोआप नाही. 1955 साली डंकन सँडिस यांनी शहरांभोवती हरित पट्टे राखण्याचे परिपत्रक काढले आणि आज इंग्लंडच्या जवळजवळ आठव्या हिश्शाच्या भूमीवर ते पट्टे आहेत. युद्धपूर्व काळात जसे रस्त्यारस्त्याने घर पसरत होते तसे पुढे पसरले नाही. 1946 ते 1950 या काळात जी पहिली चौदा नवी नगरे ठरली ती स्वस्तात घेतलेल्या जमिनीमुळे उभी राहू शकली, स्टीव्हनेज त्यांतलेच. आगगाडीने लंडनबाहेर पडणाऱ्यास शहर संपते आणि शेत सुरू होते ती रेषा अजून दिसते, हे या कायद्याचे फळ होय. त्याचीच दुसरी बाजू अशी की परवाना दुर्मिळ झाला, आणि जी वस्तू दुर्मिळ केली तिचे दाम घेण्याचे सरकारने सोडून दिले. शेताला परवाना लाभला म्हणजे त्याची किंमत कित्येक पटींनी चढते, आणि चढवितो तो परवान्याचा कागद. राष्ट्राने लगाम हाती ठेवला आणि घोड्याचे भाडे दुसऱ्यास दिले. तेथील तरुण कुटुंबांस आज घर घेणे का जड जाते, याच्या कारणांत याचा वाटा मोठा आहे.

शंभर आणि शून्य यांच्या मधे काही नव्हते काय? होते, आणि त्याचा एक नमुना आमच्याच प्रांतात होता. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात योजनेतील सर्व जमिनी एकत्र धरून रस्ते-मैदाने वगळून प्रत्येकास नव्याने आखलेला अंतिम भूखंड द्यावा आणि त्याच्या वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत अंशदान घ्यावे, अशी व्यवस्था होती. निम्मे धन्याचे म्हणून त्याला योजना हवीशी वाटे. निम्मे गावाचे म्हणून गटारे व रस्ते होत. निम्म्याची ती मर्यादा 1954 च्या मुंबईच्या कायद्यात आणि 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यातही राहिली. गुजरातेत अशा योजना पुढेही नेमाने होत गेल्या. महाराष्ट्रात त्या मागे पडल्या आणि विकास आराखड्यावर आरक्षणाची खूण करून जागा मिळण्याची वाट पाहण्याचा रिवाज पडला. 1991 च्या मुंबईच्या नियमावलीने आरक्षणात गेलेल्या जागेच्या मालकास रोख पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय केली. 'विकासाचा हक्क' हे शब्द सिल्किन यांच्याच कायद्यातले. पण तिकडे तो हक्क राष्ट्राने मालकाकडून घेतला होता, इकडे तो मालकास देऊन बाजारात विकावयास मोकळा केला. एकाच नावाचे दोन पदार्थ इतके विरुद्ध असावेत, याची आम्हांस गंमत वाटते.

इंग्लंडमध्ये राष्ट्रीय नियोजनधोरणाचा दस्तऐवज 2012 साली नव्याने लिहिला गेला आणि त्यानंतर 2018, 2023 व 2024 साली तो पुनःपुन्हा तपासला गेला. घरांचे आकडे मंडळांवर बंधनकारक असावेत की नसावेत, यावर तो हेलकावे खात राहिला. डिसेंबर 2023 च्या सुधारणेने ते सैल केले, डिसेंबर 2024 च्या सुधारणेने पुन्हा आवळले. हरित पट्ट्यातील ज्या जागा नावापुरत्याच हिरव्या आहेत, म्हणजे जुने मोटारतळ व पडीक तुकडे, त्यांस 'करडा पट्टा' असे नाव देऊन तेथे बांधकामास वाट करून दिली. त्या वाटेने जाणाऱ्याने अल्पमोलाच्या घरांचा ठरावीक वाटा दिला पाहिजे, अशी अट घातली. पाच वर्षांत 15 लाख घरे बांधण्याचे वचन हे त्यामागचे निमित्त. 3 लाखांच्या वचनाने 1953 साली आकार गेला. 15 लाखांच्या वचनाने हा वाटा मागितला गेला, एवढा फरक सत्तर वर्षांत पडला आहे.

आणि त्याहून लहान, कोणाच्या फारशा ध्यानात न आलेली एक गोष्ट. 2023 साली हुजूरपक्षाच्याच सरकारने केलेल्या एका कायद्यात असे कलम आहे की अल्पमोलाची घरे, रुग्णालय किंवा शाळा यांसाठी जमीन सक्तीने घ्यावयाची असेल आणि लोकहितासाठी तसे करणे योग्य आहे असे मंत्र्याचे मत पडेल, तर किंमत ठरविताना परवान्याची आशा हिशेबात धरू नये. ते कलम एप्रिल 2024 च्या अखेरीस अंमलात आले. 1959 साली धन्यास परत दिलेला ढग त्याने पुन्हा, काही शेतांपुरता, बाजूस सारला आहे. आणि त्या शेतांच्या बांधावर पुन्हा दोन भाव उभे राहिले आहेत.